वहिनींचं किट आणि आबांचा डावा हात

आमच्या साधनावहिनींना एखादी गोष्ट समजली नाही, की त्या ती घरी घेऊन येत. लग्न होऊन महिना झाला नव्हता, तेव्हा त्यांनी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून ओट्यावर मांडला होता. आई म्हणाली, "सून आणली का वायरमन आणला, तेच कळंना." दोन दिवसांनी स्टार्टर चालू झाला आणि एक स्क्रू उरला. तो कुठला, हे वहिनींना अजून कळलेलं नाही. मोटार चालते, म्हणून कुणी विचारत नाही.

मी त्यांची नणंद, आशा. माझं लग्न सायखेड्याला झालं होतं. ते दोन वर्षांत मोडलं आणि मी मखमलाबादला माहेरी परत आले. त्याबद्दल याहून जास्त सांगायचं नाही. माझी जीभ तिखट आहे असं सगळं गाव म्हणतं, आणि गाव काही वेळा खरं बोलतं. घर आमचं फुलांचं. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पहाटे तोडायचं, दिनेशदादानं एमएटी मोपेडवर पाट्या बांधून फूलबाजारात न्यायचं, असा वर्षाचा क्रम.

वहिनी लासलगावच्या. वडील तिथल्या बाजार समितीत मापाडी, कांदा मोजण्यात जन्म गेला. मुलीनं मात्र इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करायचं डोक्यात घेतलं आणि नाशकात वसतिगृहात राहून तो केलासुद्धा. पुढे एका खाजगी कॉलेजात लॅब असिस्टंट म्हणून लागल्या. बघण्याच्या कार्यक्रमात दादानं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" यांनी उलट विचारलं, "तुमची मोटार किती हॉर्सपॉवरची?" दादा हसला. पोहे गार झाले आणि लग्न ठरलं.

कॉलेजातलं त्यांचं काम म्हणजे मुलांना किट काढून देणं. किट म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी हिरवी पाटी. तिच्यावर कॅल्क्युलेटरसारखी बटणं, वर लाल आकडे उमटणारी पट्टी, आणि मधोमध चाळीस पायांची एक काळी चिप. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. बटणं दाबून आकडे भरले, की ती चिप त्याप्रमाणे वागते, दिवे लावते, मोटार फिरवते. वहिनी दरवर्षी मुलांकडून तेच बारा प्रयोग करून घेत. बाराही त्यांना पाठ होते. एकदा मला म्हणाल्या, "आशाताई, खरं सांगू? ते का चालतात हे मला नीटसं कळत नाही. मी फक्त बरोबर क्रमानं बटणं दाबते." डिप्लोमावाली बाई असं कबूल करते म्हटल्यावर मला त्या आवडायला लागल्या.

हे सगळं दोन हजार दोन सालातलं.

त्या वर्षी फाल्गुनात आमचे आबा, खंडेराव, गुलाबाच्या वाफ्यात खाली बसले ते उठलेच नाहीत. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. तसे आबा मुळातच मोजकं बोलणारे, पण मोजकं आणि काहीच नाही यांत फार अंतर असतं. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय त्यांना. ऐकलेलं समजतंय का, ते मला सांगता येणार नाही. वाट बघा." आम्ही वाट बघत राहिलो. नेमकी कशाची, ते कुणीच सांगितलं नव्हतं.

आबांचा डावा हात तेवढा हलायचा. पांघरुणावर बोटं चालत राहायची, मधेच हात वर यायचा, हवेत थांबायचा, परत पडायचा. या हाताबद्दल घरात तीन मतं होती. आईच्या मते त्यात सगळं काही होतं. "बघ, पाणी मागत्यात. बघ, दिन्याला बोलवत्यात." पाणी दिलं की ते ओठांवरून ओघळायचं, मग आई म्हणायची, "आता नको असंल." दादा त्या हाताकडे बघायचाच नाही. आणि मला काही कळत नव्हतं. सकाळी वाटायचं, आबा आहेत. दुपारी वाटायचं, हा नुसता हात आहे, आबा केव्हाच गेले.

गणपतीच्या दिवसांत फुलांना उसंत नसते. एका सकाळी आम्ही सगळे झेंडूत होतो आणि इकडे आबा खाटेवरून खाली पडले. दोन तास ते पडवीत तोंडावर पडून होते. आम्ही आलो तेव्हा गालाला मुंग्या लागलेल्या होत्या. आईनं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतल्या. वहिनी कॉलेजातून आल्या, सगळं ऐकलं, आणि बराच वेळ आबांच्या डाव्या हाताकडे बघत बसल्या.

"आशाताई," त्या म्हणाल्या, "हा हात वर आला की शेतात घंटा वाजली पाहिजे."

"वाजवणार कोण?"

"किट."

त्यांच्या सरांनी नाही-हो करत दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत एक किट घरी न्यायला परवानगी दिली. नवरात्रात, आठव्या माळेच्या संध्याकाळी, वहिनी ते घेऊन आल्या. पडवीत आबांच्या खाटेशेजारी स्टूल मांडलं. किटमधून दोन वायरी काढून त्यांच्या टोकाला एका लाकडी ठोकळ्यावर दोन मणी बसवले, एक पांढरा आणि एक काळा, हरभऱ्याएवढे. पांढरा मणी आपल्याला न दिसणारा उजेड टाकतो म्हणे. समोर हात आला की उजेड हातावर आपटून परत येतो आणि काळा मणी तो ओळखतो. मग शाळेत असते तशी विजेची घंटा शेताच्या बांधावर वाजते.

"म्हणजे हात आला की काळा मणी 'हो' म्हणतो," मी म्हणाले.

"हो. म्हणजे शून्य देतो."

"हात आला की शून्य? मग नसला की?"

"एक."

"हे उलटं नाही का, वहिनी?"

"उलटंच आहे," त्या म्हणाल्या. "पण तसंच असतं."

असं का असतं ते त्यांनी सांगितलं नाही. नंतर कळलं, त्यांनाही ते माहीत नव्हतं.

मग त्यांनी आकडे भरले. सव्वीस जोड्या. त्यांतही मधूनच अक्षरं. "वीस, नव्वद, एफडी. ही ओळ सगळ्यांत महत्त्वाची, ताई. यानं चिप विचारते, हात आहे का? नसेल तर एफडी म्हणजे तीन पावलं मागं जा आणि परत तेच विचार. हात आहे का? नाही. हात आहे का? नाही. दिवसभर."

आई खाटेच्या पायथ्याशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "मंग माझ्यात नि त्याच्यात फरक काय राहिला?"

वहिनींनी मण्यांसमोर स्वतःचा हात धरला. बांधावर घंटा वाजली आणि शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. हात काढला, घंटा थांबली. मग आम्ही सगळे आबांच्या हाताकडे बघत बसलो. बऱ्याच वेळानं तो वर आला. घंटा वाजली. आई रडायला लागली. दादा उठून बाहेर गेला. मला मात्र प्रश्न पडला, की आबांनी हात उचलला की हात आपला आपण उचलला गेला? घंटेला ते कळत नव्हतं. तिला हात दिसला, एवढंच. आबांनाच विचारून बघावं तर ते झोपले होते.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, तिसऱ्या दिवशी दसरा. झेंडूवाल्याच्या घरात हे दोन दिवस कुणी कुणाचं नसतं. दादा, वहिनी, मी, तिघंही पहाटेपासून बाजारात. घरी आई आणि आबा. खंडेनवमीची पूजा आईकडेच असते. विळे, खुरपी, फवारणीचा पंप, तराजू, विहिरीवरची मोटार, शिलाई मशीन, सगळं पुसून हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. आमच्या घरात चालणारी एकही वस्तू कुंकवावाचून सुटलेली नाही. गेल्या वर्षीचं पुसट झालं की यंदाचं लागतं, मधे कुणी पुसत नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी परत आलो तेव्हा वीज जाऊन आलेली होती. वीज गेली की त्या किटच्या डोक्यातलं सगळं पुसलं जायचं. आकडे पुन्हा पहिल्यापासून भरायला लागायचे. वहिनींनी सव्वीस जोड्यांचा कागद कालनिर्णयाखाली चिकटवून ठेवला होता आणि मला भरायला शिकवलं होतं. वहिनी दमून आडव्या झाल्या होत्या, म्हणून मी भरले. माळ ओवताना हात कसा आपोआप चालतो, तसंच ते काम होतं. भरले आणि हात धरला.

घंटा वाजली नाही.

दुसऱ्यांदा भरले. नाही वाजली. तिसऱ्यांदा वहिनींनी स्वतः भरले. तरी नाही. "थांबा हं," वहिनी म्हणाल्या, "आपण पहिल्यापासून जाऊ." हे वाक्य मी पुढच्या महिनाभरात इतक्या वेळा ऐकलं, की मला पहिल्याचाच वैताग आला.

तिथून आमच्या घरात जो गोंधळ सुरू झाला त्याला तोंड ना बूड. वहिनी कॉलेजात दुसऱ्या किटवर तेच आकडे भरत, तिथं सुरळीत चालायचं. घरी यायच्या, इथं ढिम्म. सर म्हणाले, तुमच्याकडे व्होल्टेज कमी असेल. वहिनींनी मीटर लावून पाहिलं, ठीक होतं. मग ठरलं की चूक आकड्यांत आहे. वहिनींनी नवे आकडे लिहिले. चिपनं किती वेळ थांबावं, किती वेळा विचारावं, शून्याला हात समजावं का एकाला, सगळं उलटसुलट करून पाहिलं. एकाला हात समजायला सांगितलं, तर घंटा बंदच होईना. अर्ध्या तासात अर्धं गाव दारात जमलं.

त्यात भर म्हणजे दुपारी चारच्या पुढे घंटा आपली आपण वाजायला लागली. आम्ही शेतातून पाट्या टाकून धावत यायचो, तर आबा गाढ झोपलेले, हात पोटावर. दुसऱ्या दिवशी परत तेच. आई म्हणायची, "झोपेत बोलवत्यात." वहिनी म्हणायच्या, "म्हणजे काळा मणी, किटचा डोळा, चालतोय. डोळा चालत नसता तर घंटा वाजलीच नसती. चूक प्रोग्रॅममध्येच आहे." बोलणं पटण्यासारखं होतं. पडवी पश्चिमेला तोंड करून आहे आणि चार वाजता ऊन थेट स्टुलावर येतं, त्या उन्हातही तो न दिसणारा उजेड असतो, हे आम्हांला फार नंतर कळलं.

म्हणजे हिशेब असा, की आबा हात हलवत तेव्हा घंटा वाजत नव्हती आणि वाजायची तेव्हा आबा झोपलेले असत. मला वाटतं, याच दिवसांत आमचा सगळ्यांचा धीर सुटला. यंत्र खोटं का हात खोटा, हेच कळेना. वहिनी एकदा हळूच म्हणाल्या, "ताई, त्या पहिल्या संध्याकाळचा योगायोग असेल. हात नुसताच हलत असेल." आई चुलीपाशी होती. तिनं ऐकलं की नाही ते माहीत नाही. आबा तर समोरच होते, पण त्यांचा विचार कुणी केला नाही.

एक दिवस वहिनी मला म्हणाल्या, "आशाताई, तुमच्याकडून भरताना एखादं बटण चुकतंय का?"

झालं. माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. "तुम्हाला स्वतःला येत नाही ते सांगा ना! तुमच्या डिप्लोम्याचा कागद भिंतीला लावा आणि त्याचीच पूजा करा. दहावी नापास बाईनं आकडे भरले म्हणून तुमची चिप विटाळली का?"

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "मला येत नाहीच, ताई. येत असतं तर आबा दोन तास मुंग्यांत पडले असते का?" त्याचा आणि याचा काय संबंध, ते मला कळलं नाही. पण त्या दिवसापासून आकडे दोघी मिळून भरायला लागलो. मी दाबायचं, त्यांनी वाचायचं.

आणि या सगळ्यात आबांचा हात. त्याला नवीनच खोड लागली होती. आधी तो नुसता हवेत जायचा. दसऱ्यानंतर तो सारखा त्या ठोकळ्याकडे जायला लागला. मण्यांना बोटं लावायचा प्रयत्न करायचा. आई हात धरून परत पांघरुणावर ठेवायची. "तोडाल ते. पोरीनं कालेजातून आणलंय, परत द्यायचं हाय." हात परत जायचा. आई परत ठेवायची. एकदा तर तिनं लहान मुलाला मारतात तशी हातावर चापट मारली. मीही सांगायचे, "आबा, नुसता हात वर करायचा. हात लावायचा नाही." शेवटी वहिनींनी स्टूलच वीतभर मागं सरकवलं. हात पोचेना. मग तो खाटेच्या कडेला लोंबत राहायचा, बोटं ताणलेली.

दिवाळी झाली. सुट्टी संपत आली. सोमवारी किट परत द्यायचं होतं. शनिवारी सकाळी वहिनी हरल्यासारख्या म्हणाल्या, "शेवटचं एक करून बघू. लांबून दिसत नसेल, तर जवळ आणू." स्टूल पुढं ओढलं आणि ठोकळा थेट खाटेला चिकटवून ठेवला. आकडे भरले. आम्ही तिघी शेवंतीत गेलो.

अकराचा सुमार असेल. घंटा वाजली. चार वाजायला अजून पुष्कळ अवकाश होता, म्हणून मी मान वर केली. वाजून थांबली. परत वाजली. मग वाजतच राहिली. मला आधी मुंग्याच आठवल्या. मी पाटी टाकली आणि धावत सुटले.

आबा खाटेवर होते. पडले नव्हते. पण त्यांचा अंगठा लाल होता, ओठाला लाल लागलेलं, हनुवटीवरून लाल ओघळ. मी किंचाळले, "वहिनी, रक्त!"

वहिनी धापा टाकत आल्या. त्यांनी आबांचा हात धरला, अंगठा उजेडात नेला, वास घेतला. मग ठोकळ्याकडे पाहिलं. पांढऱ्या मण्यावर हळदीचा वाळलेला पोपडा अजून एका बाजूला होता. काळा मणी थुंकीनं ओला, चकचकीत. भोवती लाकडावर कुंकू फरफटलेलं.

वहिनींनी ठोकळा उचलून आईकडे पाहिलं.

आई दारात उभी होती. "मीच लावलं," ती म्हणाली. "खंडेनवमीला. सगळ्याला लावलं, ह्यालाबी लावलं. त्याला कपाळ कुठं हाय? ते दोन डोळेच तेवढे दिसले. एकाला हळद लावली, एकाला कुंकू."

महिनाभर ते हळदकुंकू आमच्या डोळ्यांसमोर होतं. वहिनींनी अकरा प्रोग्रॅम लिहिले, मी ते भरले, दादानं वायरी तपासल्या, आणि त्या मण्यांवरचं हळदकुंकू एकालाही दिसलं नाही. आमच्या घरात वस्तूला कुंकू असणं म्हणजे वस्तूला रंग असण्याइतकंच साधं. दिसलं असतं तरी ते पुसायला कुणाचा हात धजला असता कुणास ठाऊक. कॉलेजातही खंडेनवमीची पूजा होते म्हणे, पण तिथले शिपाई शहाणे, ते कपाटाच्या दाराला गंध लावतात.

आबांनी मात्र पाहिलं होतं. आईनं लावलं तेव्हा घरात ते दोघंच होते. हळदकुंकू लागलं आणि घंटा बंद पडली, हे खाटेवर पडून त्यांनी पाहिलं होतं आणि लगेच ओळखलंही होतं. महिनाभर ते आम्हांला सांगत होते. आम्ही हात धरून परत पांघरुणावर ठेवत होतो.

आईचा आधी संताप झाला. "कुंकू पुसलं ह्यांनी! स्वतःच्या हातानं!" मग ती आबांवरच ओरडली, "बोलता येत नव्हतं तर मला धरून हाणायचं होतं दोन! नुसती बोटं काय ताणत बसला?" आणि मग पदरानं त्यांची हनुवटी पुसता पुसता ती हमसून रडायला लागली.

वहिनींनी उरलेली हळद ओल्या फडक्यानं पुसून काढली. मग विचारलं, "आबा, हळदकुंकवामुळे बंद पडलं हे तुम्हांला आधीच कळलं होतं? हो असेल तर हात वर करा."

हात वर आला. घंटा वाजली.

"आज वार कुठला? बुधवार?"

हात हलला नाही.

"शनिवार?"

घंटा वाजली. वहिनी हसत होत्या आणि रडतही होत्या. आईनं नाक ओढलं आणि विचारलं, "मी येडी हाय का?"

घंटा इतक्या पटकन वाजली, की आम्ही तिघी एकदम हसलो. फाल्गुनानंतर त्या घरात पहिल्यांदा कुणी हसत होतं. आबांचं तोंड डाव्या बाजूनं वर गेलं. तेही हसत होते. संध्याकाळी दादा आला तेव्हा त्याला आम्ही काही सांगितलं नाही, नुसतं समोर बसवलं. त्यानं विचारलं, "आबा, शेवंतीला पाणी कमी करू का?" घंटा वाजली आणि दादा आबांच्या पायांवर डोकं ठेवून तसाच पडून राहिला.

सगळं घर आनंदात होतं. मीही होते. पण भांडी घासता घासता माझा हात थांबला.

आता सांगायलाच हवं. गणपतीत आबा पडले होते, त्या दिवशी त्यांना उचलून, पुसून, मुंग्या वेचून मीच खाटेवर घातलं होतं. आई बाहेर रडत होती. मी आबांच्या तोंडाशी बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले होते, "देवानं सोडवावं एकदाचं. तुम्हीही सुटाल आणि आम्हीही सुटू." रागानं नव्हते बोलले. दमले होते. समोर आबा आहेत असं मला वाटतच नव्हतं. रिकाम्या खोलीत माणूस बोलतो तसं बोलले होते.

आणि खोली रिकामी नव्हती.

रविवारचा दिवस मी त्यांच्यासमोर जायचं टाळण्यात घालवला. सोमवारी किट परत जाणार होतं. वहिनी त्याच्या जागी स्वतः एक छोटी पाटी बनवणार होत्या, पण तिला आठ-दहा दिवस लागणार होते. तेवढे दिवस मी हे पोटात ठेवू शकले नसते. तीन वाजता आई आणि वहिनी शेवंतीत गेल्या. मी खाटेशेजारी जाऊन बसले.

"आबा," मी म्हणाले. "तुम्ही पडला होता त्या दिवशी मी काही बोलले होते. तुम्हांला सोडवावं म्हणून. ते तुम्ही ऐकलं होतं का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात पांघरुणावर होता. बोटंही हलत नव्हती.

मी थांबले. पुष्कळ थांबले. हात वर आला नाही.

आबा पुढे सव्वा वर्ष होते. पाणी, कूस, पेपर, दादाला हाक, सगळ्याला घंटा वाजायची. तो प्रश्न मी परत कधी विचारला नाही. त्यांनी ऐकलं नव्हतं, की ऐकलं होतं आणि हात वर करायचा नाही असं ठरवलं होतं, हे मला आजही कळलेलं नाही. कधी एक खरं वाटतं, कधी दुसरं. दुसरं वाटतं त्या दिवशी जेवण जात नाही.

त्या दुपारी मात्र मला वाटलं, वीज गेली असेल. पण किटवरचा लाल दिवा लागलेला होता. मग मधे वीज जाऊन येऊन आकडे पुसले गेले असतील. म्हणून खात्री करायला मी माझा हात मण्यांसमोर धरला.

घंटा वाजली. शेवंतीतून वहिनी आणि आई धावत आल्या. "काय हवंय आबांना?" वहिनींनी दारातूनच विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "माझा हात होता."